तान्ह्या बाळाच्या शीमधील रक्त आणि आईच्या आहारातील दूध

सांगली जिल्ह्यातील एका मातेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तिचा मुलगा सहा आठवड्यांचा आहे. तो पूर्ण दिवस भरून जन्मला, जन्माच्या वेळी त्याचे वजन २.९ किलो होते आणि आता ते ४ किलो झाले आहे. पहिले दोन दिवस दूध कमी उतरत असल्याने त्याला वाटी-चमच्याने पावडरीचे दूध दिले गेले आणि त्यानंतर तो फक्त अंगावरच पितो. गेल्या दहा दिवसांपासून त्याच्या शीमध्ये आव दिसते आणि तीन-चार वेळा रक्ताचे बारीक धागेही दिसले. एका ठिकाणी तिला सांगण्यात आले की बाळाला लॅक्टोज पचत नाही, म्हणून अंगावरचे दूध बंद करून सोयाबीनची पावडर सुरू करावी. दुसऱ्या ठिकाणी अनेक पदार्थांची एकत्र ॲलर्जी-तपासणी रक्तातून करून घेण्याचा सल्ला मिळाला. घरच्यांना वाटते की आईने मेथीचे लाडू खाल्ले, ते उष्ण पडले. तिचा प्रश्न असा की, माझ्याच दुधाची माझ्या बाळाला ॲलर्जी आहे का आणि मी पाजणे थांबवू का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. पाजणे थांबवू नका. पावडर आणू नका. आईच्या दुधाची बाळाला ॲलर्जी होत नाही. आई जे दूध, दही, पनीर खाते त्यातील गायी-म्हशीच्या दुधाच्या प्रथिनांचा अतिशय सूक्ष्म अंश काही तासांत तिच्या दुधात उतरतो आणि मोजक्या बाळांच्या आतड्याला तेवढा अंशही चालत नाही. असे असेल तर बदल आईच्या ताटात करायचा असतो, बाळाचे पिणे तोडायचे नसते. गेली अनेक वर्षे नवजात बालकांच्या विभागात काम करताना या आजाराचे निदान राहून गेलेली बाळे मी पाहिली आहेत, परंतु नसलेल्या ॲलर्जीपायी आईचे दूध तुटलेली बाळे त्याहून कितीतरी अधिक पाहिली आहेत, आणि हे दुसरे नुकसान मला अधिक बोचते, कारण ते आम्ही डॉक्टरांनी केलेले असते.

लॅक्टोजचा गोंधळ प्रथम दूर करू. लॅक्टोज ही दुधातील साखर आहे, ॲलर्जी होते ती दुधातील प्रथिनांची. आईच्या दर शंभर मिलिलिटर दुधात सुमारे सात ग्रॅम लॅक्टोज असते, म्हणजे गायीच्या दुधापेक्षाही जास्त, आणि मानवी बाळ ते पचवण्याची तयारी घेऊनच जन्माला येते. जन्मतःच लॅक्टोज न पचण्याचा आजार जगभर अत्यंत दुर्मीळ आहे. त्यात पहिल्या काही दिवसांतच पाण्यासारखे जुलाब होऊन बाळ सुकत जाते, ते दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅमने बाळसे धरत नाही. अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळाची शी थोडी आंबट, फेसाळ, कधी हिरवट असते आणि तिच्या तपासणीत साखरेचा अंश सापडतो. हे स्वाभाविक आहे, आजाराचा पुरावा नाही. आणखी एक गोष्ट येथे सांगायला हवी. बाजारातील बहुतेक लॅक्टोजमुक्त पावडरींत गायीच्या दुधाची प्रथिने जशीच्या तशी असतात. म्हणजे बाळाला खरोखर प्रथिनांची ॲलर्जी असेल, तर आईच्या दुधातून सूक्ष्म अंशाने येणारी गोष्ट आपण त्याला बाटलीभर पाजू लागतो.

आता रक्ताकडे येऊ. तान्ह्या बाळाच्या शीमध्ये रक्त दिसले की घर हादरते, आणि ते स्वाभाविक आहे, पण रक्त म्हणजे ॲलर्जी हे समीकरण घाईचे ठरते. आईच्या स्तनाग्रांना चिरा पडल्या असतील तर बाळ तिचेच रक्त गिळते आणि ते शीमधून बाहेर पडते. अशा वेळी रक्त आईचे आहे की बाळाचे हे एका साध्या रासायनिक तपासणीने ओळखता येते, कारण अल्कलीमध्ये प्रौढ व्यक्तीचे हिमोग्लोबिन पिवळट-तपकिरी होते आणि नवजात बाळाचे गुलाबी राहते. गुदद्वाराशी बारीक चीर असेल तर रक्त शीच्या वरच्या बाजूला लागलेले दिसते. ती चीर पुरेशा उजेडात, पाय वर उचलून, शांतपणे पाहिली तरच दिसते. जन्मानंतर के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले गेले होते का, हे कागदपत्रांत आवर्जून पाहावे, कारण केवळ अंगावर पिणाऱ्या आणि इंजेक्शन चुकलेल्या बाळाला पहिल्या काही आठवड्यांत गंभीर रक्तस्राव होऊ शकतो. जंतूंमुळे होणारी हगवण हेही एक कारण आहे, विशेषतः ज्या घरात बाळाला सहाणेवर उगाळलेली गुटी, मध किंवा वरचे पाणी दिले जाते. हे सगळे तुमच्या घरी सुरू असेल तर आजच बंद करा. मधाचा बोटुलिझमशी, म्हणजे जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराशी, असलेला संबंध तर एक वर्षापर्यंत धोक्याचा असतो.

काही लक्षणांत मात्र आहारविचार करत बसायची वेळच नसते. ओकारी हिरवी असेल, पोट ताठ फुगले असेल, बाळ मलूल होऊन पिणे सोडत असेल, ताप असेल किंवा अंग गार पडत असेल, रक्त धाग्यांऐवजी मोठ्या प्रमाणात जात असेल, तर त्याच तासाला बालशल्यचिकित्सक उपलब्ध असलेल्या रुग्णालयात जावे. हिरवी ओकारी म्हणजे आतड्याला पीळ पडला आहे असे गृहीत धरूनच आम्ही धावतो. पहिल्या दिवसापासून शी उशिरा झाली, पोट सतत फुगते आणि आता रक्त दिसते आहे, असा इतिहास असेल तर मोठ्या आतड्यातील मज्जातंतूंच्या पेशींच्या जन्मजात अभावाचा विचार करावा लागतो. तुमच्या वर्णनात यांपैकी काहीही नाही, बाळ हसते आहे, वजन घेते आहे, म्हणून मी इतक्या शांतपणे लिहू शकतो. तरीही माझे हे लिहिणे म्हणजे तपासणी नव्हे. बाळाला एकदा प्रत्यक्ष पाहून, वजनाचा तक्ता मांडून आणि गुदद्वार नीट तपासून घेणे आवश्यक आहे. रक्त बरेच दिवस जात राहिले तर हिमोग्लोबिनही पाहावे.

दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी एकाच रूपात येत नाही, आणि ती ओळखण्याची किल्ली घड्याळात असते. दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठल्या, ओठ-पापण्या सुजल्या, ओकाऱ्या झाल्या, छातीत घरघर आली, तर ती तत्काळ होणारी ॲलर्जी असते आणि तिच्यामागे रक्तातील आयजीई नावाची प्रतिपिंडे असतात. अशा बाळांत हे बहुधा पहिल्यांदा वरचे दूध दिले जाते त्या दिवशी उघड होते. श्वास अडखळत असेल किंवा बाळ एकदम निपचित पडले तर ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत, वजनाच्या दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम या प्रमाणात, विलंब न करता द्यावे लागते. ॲलर्जीची पातळ औषधे त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

तुमच्या बाळाच्या बाबतीत शंका आहे ती दुसऱ्या, सौम्य प्रकाराची. त्यात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते, शीमध्ये आव आणि रक्ताचे धागे दिसतात, पण बाळ एरवी ठणठणीत असते. हा प्रकार साधारण पहिल्या आठवड्यापासून सहा महिन्यांपर्यंत केव्हाही सुरू होतो, अंगावर पिणाऱ्या बाळांतही दिसतो, आणि त्यात आयजीईचा सहभाग नसतो.

तिसरा प्रकार विरळ आहे, पण त्याबद्दल मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण तो सर्वाधिक चुकतो. त्याला, म्हणजे अन्नातील प्रथिनांमुळे आतड्यात उसळणाऱ्या या तीव्र प्रतिक्रियेला, आम्ही एफ-पाईज (FPIES) म्हणतो. यात दूध घेतल्यानंतर एक ते चार तासांनी बाळ उलट्यांवर उलट्या करते, पांढरेफटक पडते, अंग ढिले सोडते, आणि पुढील काही तासांत जुलाब होतात. अंगावर गांधी नसतात, घरघर नसते, त्यामुळे ॲलर्जीचा विचार कोणाच्याही मनात येत नाही. रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी वाढलेल्या सापडतात आणि कागदावर जंतुसंसर्ग लिहिला जातो. माझ्याकडे असे एक बाळ दोनदा जंतुसंसर्ग म्हणून दाखल झाले. दोन्ही वेळी सलाईन लागल्यावर ते संध्याकाळपर्यंत हसू लागले, दोन्ही वेळी रक्तात जंतू वाढले नाहीत, आणि तरीही मी दोन्ही वेळी प्रतिजैविकांचा पूर्ण कोर्स दिला. तिसऱ्या खेपेला त्या बाळाची आजी मला म्हणाली, ‘डॉक्टर, ज्या दिवशी सून बँकेच्या कामाला जाते आणि मी पावडरीचे दूध पाजते, त्याच दिवशी हे होते.’ निदान त्या माउलीने केले होते. त्या दिवसापासून दाखल होणाऱ्या प्रत्येक बाळाच्या बाबतीत मागच्या सहा तासांत पोटात काय गेले हे मी स्वतः विचारून लिहितो. अर्थात महिना-दीड महिन्याचे मलूल बाळ समोर असेल तर आधी जंतुसंसर्ग समजूनच उपचार सुरू करावेत, यात मला शंका नाही. ॲलर्जीचा विचार त्याच्या जोडीने करायचा असतो, त्याच्याऐवजी नव्हे. या प्रकारात शिरेतून सलाईन हाच मुख्य उपचार आहे आणि बाळ सावरल्यावर ते दूध घरी पुन्हा देऊन पाहायचे नसते.

केवळ रडणे, संध्याकाळी पोट आवळून किंचाळणे, गुळणी टाकणे, दिवसातून आठ वेळा शी होणे किंवा पाच दिवस न होणे, गालांवर बारीक पुरळ येणे, ही सगळी लक्षणे निरोगी बाळांत इतकी सर्रास आढळतात की एकेकट्या लक्षणावरून ॲलर्जीचे लेबल लावणे चुकीचे आहे. रडणे तर सहाव्या आठवड्याच्या सुमारास आपोआप शिखर गाठते आणि पुढे उतरते. नेमक्या त्याच सुमारास कोणतीही पावडर बदलली तरी ती लागू पडल्यासारखी वाटते. युरोपातील नऊ देशांत जन्मापासून बारा हजारांहून अधिक मुलांचा पाठपुरावा करून, नियंत्रित पद्धतीने दूध पाजून खात्री केली तेव्हा, गायीच्या दुधाची ॲलर्जी दोनशे मुलांत एखाद्यालाच असल्याचे दिसले. शीमधून रक्त जाणाऱ्या बाळांत हे प्रमाण जास्त असते, पण त्यांच्यातही बहुतेकांना ही ॲलर्जी नसते. फिनलंडमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४० बाळांपैकी केवळ सात बाळांना दुधाची ॲलर्जी असल्याचे सिद्ध झाले, आणि बहुतेकांचे रक्त काही आठवड्यांत आपोआप थांबले. म्हणूनच रक्त किरकोळ असेल आणि बाळ बाळसे धरत असेल, तर आईच्या आहाराला हात न लावता दोन-तीन आठवडे वाट पाहणे हाही मान्य आणि सुज्ञ मार्ग आहे. दहा दिवस झाले आहेत, तुम्ही काळजीत आहात, म्हणून पुढे लिहिलेला प्रयोग करायला माझी हरकत नाही, परंतु तो पूर्ण करायचा.

तपासण्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. अनेक पदार्थांची एकत्र रक्ततपासणी करू नका. त्वचेवर टोचून किंवा रक्तातून केली जाणारी आयजीईची तपासणी पहिल्या, तत्काळ होणाऱ्या प्रकारातच उपयोगी असते, आणि तीही संशय असलेल्या एकाच पदार्थापुरती. तुमच्या बाळाच्या प्रकारात ती तपासणी ॲलर्जी असली तरी निर्दोष येईल. उलट मोठ्या यादीत चार-दोन पदार्थ खोटेच दोषी ठरतील आणि तुमचे जेवण उगाच तुटेल. डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधण्याची शीची तपासणीही निरोगी तान्ह्या बाळांत फसवी ठरते. लक्षणे हट्टी असतील, वजन अडले असेल किंवा निदान डळमळीत असेल, तेव्हा बालपोटविकार तज्ज्ञ दुर्बिणीतून मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा तुकडा तपासतात. तुमच्या बाळाला आज त्याची गरज नाही.

या आजाराचे खरे निदान आहारातूनच होते. संशयित प्रथिन काढायचे, बाळ सुधारते का ते पाहायचे, मग तेच प्रथिन परत आणायचे आणि त्रास परततो का ते पाहायचे. यातील पहिला भाग सगळे करतात. दुसरा भाग जवळजवळ कोणीच करत नाही, आणि माझा सगळा आग्रह त्या दुसऱ्या भागासाठी आहे.

पहिला भाग असा. दोन ते चार आठवडे तुमच्या आहारातून गायी-म्हशीचे दूध पूर्णपणे काढा. पूर्णपणे याचा अर्थ आपल्या स्वयंपाकघरात नीट समजून घ्यावा लागतो. दूध, दही, ताक, कढी, लोणी, साय, पनीर, चीज, खवा, पेढे, बर्फी, बासुंदी, श्रीखंड, खरवस हे तर ओघानेच आले. चहा-कॉफीतील दोन चमचे दूधही त्यातच मोजायचे. बिस्किटे, पाव, केक, चॉकलेट, तयार सूपच्या पुड्या यांत दुधाची भुकटी असू शकते, म्हणून वेष्टनावरील घटकांची यादी वाचा आणि तेथे दुधाचे घन पदार्थ, व्हे किंवा केसिन (ही दोन्ही दुधातील प्रथिने) हे शब्द शोधा. बाळंतिणीला म्हणून दिल्या जाणाऱ्या अनेक प्रोटीन पावडरी मुळात दुधाच्याच भुकटीच्या असतात, हे पुष्कळदा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि आई दूध सोडूनही रोज दोन चमचे दुधाची प्रथिने घेत राहते. शतावरी कल्प घेत असाल तर तो दुधातून न घेता पाण्यातून घ्या. तुपाबद्दल घरोघरी वाद होतो. कढवलेल्या तुपात प्रथिनांचा अंश फारच थोडा उरतो, पण उरतो, म्हणून या प्रयोगाच्या आठवड्यांत तेही बंद ठेवा. एकदा निदान पक्के झाले की तूप बहुधा सर्वांत आधी परत आणता येते.

बाळंतिणीला तूप आणि दूध सोडायला सांगणे म्हणजे आपल्याकडे तिचे बाळंतपणच हिरावून घेण्यासारखे वाटते. त्यामुळे काय खायचे हेही मी तितक्याच तपशिलाने सांगत असतो. आळिवाची खीर नारळाच्या दुधात करा. डिंकाचे आणि मेथीचे लाडू तुपाऐवजी तेलात आणि सुक्या खोबऱ्यात वळता येतात, आणि मेथीचा या रक्ताशी काही संबंध नाही, हे घरच्यांना माझ्या वतीने सांगा. नाचणीची भाकरी रोज असू द्या, कारण शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला, आणि चालत असेल तर काट्यासह खाल्ली जाणारी बारीक मासळी यांतूनही कॅल्शियम मिळते. तरीही पाजणाऱ्या आईने दूध सोडले की केवळ अन्नावर भागत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सोबत ड जीवनसत्त्व गोळ्यांतून घ्यावे. डाळी, उसळी, अंडी, शेंगदाणे, गहू यांपैकी काहीही सोडू नका. एकाच वेळी सहा पदार्थ सोडलेल्या माता माझ्याकडे येतात, कित्येक किलो वजन घटलेल्या, थकलेल्या, आणि बाळ सुधारले असले तरी कोणत्या पदार्थामुळे सुधारले हे कोणालाच सांगता येत नाही. दूध काटेकोरपणे सोडूनही चार आठवड्यांत फरक पडला नाही, तरच पुढच्या टप्प्यात सोयाबीन आणि त्यानंतर अंडे यांचा विचार करायचा, तोही एका वेळी एकाचाच. आणि काहीच फरक पडला नाही, तर ॲलर्जी नव्हती असे समजून सर्व खाणे पूर्ववत करायचे, हा पर्याय आम्ही विसरतो.

खरी ॲलर्जी असेल तर दिसणारे रक्त बहुधा तीन-चार दिवसांत कमी होऊ लागते आणि दोन आठवड्यांत थांबते. आव त्याहून थोडी रेंगाळते. रोजची नोंद ठेवा. शीचा फोटो तारखेसह ठेवलात तर आम्हाला वर्णनापेक्षा अधिक कळते.

आता दुसरा भाग. रक्त थांबल्यावर आणि दोन ते चार आठवडे पूर्ण झाल्यावर तुम्ही पुन्हा दूध प्यायला सुरुवात करायची. पहिल्या दिवशी चहापुरते, मग अर्धा कप, मग कप-दीड कप, सोबत दही, असे आठवडाभर. या काळात आहारात दुसरा कोणताही नवा बदल करायचा नाही. आठवड्याभरात रक्त परतले नाही, तर बाळाला दुधाची ॲलर्जी नाही, रक्त आपल्या वेळेने थांबले होते, आणि तुम्ही निर्धास्तपणे सर्व काही खाऊ शकता. रक्त परतले, बहुधा पहिल्या तीन दिवसांतच परतते, तर निदान सिद्ध झाले आणि पुढील काही महिने दूध सोडण्याला भक्कम कारण मिळाले. मला कल्पना आहे की शांत झालेल्या बाळाला पुन्हा त्रास देण्याची ही सूचना कोणत्याही आईला क्रूर वाटते. कित्येक माता मला स्पष्टपणे नाही म्हणतात, आणि त्यांच्या डोळ्यांतील भीती मला दिसते. पण या सौम्य प्रकारात एखाद-दुसऱ्या वेळी रक्ताचा धागा परतण्याने बाळाला अपाय होत नाही, उलट खात्री न केल्याने आई वर्षभर दूध सोडते, पुढे बाळालाही ते मिळत नाही, आणि लहानपणीच त्याच्या कागदांवर चिकटलेला शब्द शाळेपर्यंत त्याच्यासोबत जातो. हा प्रयोग मात्र फक्त सौम्य प्रकारासाठी घरी करायचा आहे. ज्या बाळाला गांधी, सूज, घरघर झाली आहे किंवा एफ-पाईजचा संशय आहे, त्याला दूध पुन्हा द्यायचे ते केवळ रुग्णालयात, शिरेत सलाईन लावता येईल अशा तयारीत.

काही बाळांना आईचे दूध खरोखरच उपलब्ध नसते. त्यांच्यासाठी प्रथिनांचे अतिशय बारीक तुकडे केलेली खास पावडर असते आणि बहुसंख्य बाळांना ती मानवते. तिला उग्र वास असतो, चव कडवट असते, शी हिरवी होते, आणि ती महाग असते. फार तीव्र ॲलर्जी, खुंटलेले वजन किंवा त्या पावडरीनेही न थांबणारा त्रास असेल तर केवळ अमिनो आम्लांची पावडर लागते, ती त्याहून महाग. प्रथिने अर्धवट तोडलेली आणि पोटाला आराम देणारी म्हणून विकली जाणारी पावडर या आजारात चालत नाही. सोयाबीनची पावडर सहा महिन्यांखालील बाळाला मी देत नाही, कारण या आतड्याच्या प्रकारांत दुधासोबत सोयाबीनही न चालणारी बाळे असतात. सहा महिन्यांनंतर, खास पावडरीचा खर्च कुटुंबाला झेपत नसेल आणि वजन चांगले असेल, तर ती वापरण्याचा निर्णय मी आनंदाने नसला तरी घेतलेला आहे.

शेळीचे दूध हा आपल्याकडचा अगदी प्रेमाने दिला जाणारा सल्ला आहे, विशेषतः गावांकडे, जिथे ते दारातच असते. पण गायीच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक बाळांना शेळीच्या आणि म्हशीच्या दुधाचीही ॲलर्जी असते, कारण त्यांची प्रथिने एकमेकांशी फार मिळतीजुळती आहेत. शिवाय शेळीच्या दुधात फॉलिक आम्ल इतके कमी असते की केवळ त्यावर वाढलेल्या बाळाला रक्तक्षय होतो. देशी गायीचे ए-टू दूध अशा बाळांना चालते, हा दावाही येथे टिकत नाही. ए-वन आणि ए-टू यांच्यात केसिनच्या एका प्रकारात, दोनशे नऊ अमिनो आम्लांच्या साखळीतील ६७व्या जागेवर, एकाच आम्लाचा फरक आहे. बाकी सगळे तेच. म्हशीचे दूध ए-टूच असते आणि तरीही ते चालत नाही. दूध पुनःपुन्हा उकळून ॲलर्जी जात नाही, कारण केसिन उष्णतेला चांगलाच तोंड देतो.

जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत दिलेल्या पावडरीबद्दल तुम्ही स्वतःला दोष देऊ नका, पण पुढील बाळंतपणासाठी हे लक्षात ठेवा. जपानमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, कुटुंबात ॲलर्जीचा इतिहास असलेल्या ज्या बाळांना निदान पहिले तीन दिवस गायीच्या दुधाची पावडर दिली गेली नाही, त्यांच्यात दोन वर्षांच्या वयाला दुधाविषयीची संवेदनशीलता आणि अन्नाची ॲलर्जी कमी आढळली. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटाला काही चमचेच चीक पुरतो, आणि दूध उतरत नाही असे वाटणाऱ्या बहुतेक मातांना पावडरीची नव्हे, जवळ बसून बाळ नीट लावून देणाऱ्या माणसाची गरज असते. आपल्याकडे १९९२ पासून पावडरीच्या जाहिरातीवर कायद्याने बंदी आहे, तरीही प्रसूतिकक्षातील चमचाभर पावडर सहजपणे दिली जाते, याचे मला दुःख होते. खरोखर गरज असेल तेथे मातृदुग्धपेढीतील दूध हा चांगला पर्याय आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली अशी पेढी सुरू केली, आणि तेव्हापासून हजारो अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तिचा आधार मिळाला आहे. दात्या माता स्वतः दूध-दही खात असल्यामुळे सिद्ध झालेल्या ॲलर्जीत मात्र पेढीचे दूध हा खात्रीचा उपाय ठरत नाही. तसेच अतिदक्षता विभागातील अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दुधात पोषण वाढवण्यासाठी मिसळली जाणारी भुकटी बहुधा गायीच्या दुधाचीच असते. अशा बाळाच्या शीमध्ये रक्त आले तर आधी आतडे सडण्याच्या गंभीर आजाराची शक्यता फेटाळून मगच ॲलर्जीचा विचार करायचा असतो.

निदान सिद्ध झाले, तरी बाळाचे लसीकरण ठरल्या वेळीच व्हायला हवे. सहा आठवड्यांच्या लसी आता देय आहेत, त्या थांबवू नका. सहा महिने पूर्ण झाल्यावर वरण-भात, नाचणीचे सत्त्व, भाज्या, फळे, अंडे, शेंगदाण्याचे बारीक वाटलेले कूट हे सगळे नेहमीच्याच क्रमाने सुरू करावे, फक्त दूध वगळून. अंडे आणि शेंगदाणा उशिरा दिल्याने ॲलर्जी टळते हा जुना समज आता मागे पडला आहे, उलट उशीर केल्याने शेंगदाण्याची ॲलर्जी वाढते असे दिसून आले आहे. नवा पदार्थ सकाळी द्यावा, म्हणजे त्रास झालाच तर दिवसाउजेडी दवाखाना गाठता येतो.

या सौम्य प्रकारातील बहुतेक बाळे पहिल्या वाढदिवसापर्यंत दूध पचवू लागतात. म्हणून नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान, आणि दूध सोडून निदान सहा महिने झाल्यावर, ते परत आणायचा प्रयत्न करायचा असतो. आधी तुमच्या आहारात, मग बाळाच्या. बाळासाठी सुरुवात पिठात मिसळून चांगल्या भाजलेल्या दुधापासून करावी, म्हणजे दुधाचा अंश असलेल्या बिस्किटाच्या छोट्या तुकड्यापासून, कारण पिठासोबत ओव्हनमध्ये भाजल्यावर दुधाच्या प्रथिनांचे स्वरूप बदलते. ते काही दिवस मानवले की घरी केलेला केक, मग दुधात भिजवलेल्या कणकेचे तव्यावरचे छोटे धिरडे, मग दही, आणि सर्वांत शेवटी उकळलेले साधे दूध, असे वर चढावे. प्रत्येक पायरीवर काही दिवस थांबावे. मध्येच रक्त किंवा आव परतली तर मागच्या पायरीवर यावे आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करावा. बासुंदी, खवा, पेढा यांना आधी हात लावू नये, कारण ते आटवलेले दूध आहे आणि एका घासात पुष्कळ प्रथिने जातात.

आता तुमच्यापुरते. या आठवड्यात बाळाला जवळच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवून गुदद्वाराची चीर नाही, के जीवनसत्त्व दिले गेले आहे आणि वजन खरोखर वाढते आहे, एवढे नक्की करून घ्या. रक्त त्यानंतरही चालू असेल तर वर लिहिल्याप्रमाणे दूध सोडा आणि सोडल्याची तारीख वजनाच्या कार्डावर लिहा. त्याच वेळी त्याखाली, चार आठवड्यांनंतरची, पुन्हा दूध पिऊन पाहण्याची तारीखही लिहून ठेवा.